निंबोळी कोण हलवतंय?

मुंग्यांची शाळा बांधाच्या भेगेत भरायची, तेव्हाची ही गोष्ट. शाळेत धडा एकच: पुढच्या मुंगीचा वास घ्यायचा आणि चालायचं. मग एक नवी मास्तरीण आली. ती पोरींना म्हणायची, "मधेच थांबा, मान वर करा आणि विचारा, आपण निघालोय कुठे?"

रांगेचा म्होरक्या तात्या मुंगळा. त्याला यात काहीतरी काळंबेरं दिसलं. "आज रस्त्याबद्दल विचारतील, उद्या मला जाब विचारतील," म्हणत त्याने मास्तरणीला हाकललं आणि सगळी शाळा स्वतःच्या मागे घेतली.

वाटेत एक निंबोळी लागली. पुढे कुणाचा तरी ताजा वास आला, तसा तात्या खूश होऊन त्यामागे निघाला. पुन्हा निंबोळी लागली. मग पुन्हा.

एक धाकटी मुंगी थांबली. तिने मान वर केली.

"तात्या, ही मघाचीच निंबोळी. आपण आपल्याच रांगेच्या मागे लागलोय, गोल फिरतोय!"

तात्याने डोळे बारीक करून निंबोळीकडे पाहिलं.

"गोल कसले फिरतोय? ती मास्तरीणच निंबोळी उचलून सारखी आपल्यापुढे आणून ठेवतेय. चला, पाय उचला!"