ठुमीचा भोवरा आणि झिजलेलं कडं

ऐका हं! मांडीवर नीट बसा.

एक होती उंदरी. एवढ्ढीशी! नाव तिचं ठुमी. ठुमीचा होता लाल भोवरा. त्याला पिवळी दोरी. एकदा भोवरा दगडावर पडला. टण्ण! खालची लोखंडी आर मोडली. आर नाही, तर भोवरा फिरेचना. ठुमी रडली, रडली. मग नाक पुसलं आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेली दौलूकाकांच्या कारखान्यात. तिथे होता म्हातारा लेथ. लोखंड गोल फिरवून कातणारा.

"काका, काका, आर द्या. मग फिरेल माझा भोवरा गरगर गर!"

"देतो की गं! पण लेथ बघ. खडखड डुगडुग! पोटातलं पितळी कडं झिजलंय. नवं फार महाग. हेच भट्टीवाल्या चाचांकडून वितळवून पुन्हा ओतून आण. मग देतो आर."

ठुमीने कडं शेपटीत अडकवलं. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली इस्माईलचाचांच्या भट्टीवर.

"चाचा, चाचा, कडं द्या. कडं देईन काकांना, काका देतील आर, मग फिरेल माझा भोवरा गरगर गर!"

"देतो की बेटा! पण हे झिजून इत्तूसं झालंय. पुरायचं नाही. अजून पितळ आण. मग देतो कडं."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली भंगारवाल्या मालनमावशीकडे.

"मावशी, मावशी, पितळ दे. पितळ देईन चाचांना, चाचा देतील कडं, कडं देईन काकांना, काका देतील आर, मग फिरेल माझा भोवरा गरगर गर!"

"देते की माझे बाई! हा मोडका नळ तुझाच. पण मी फुकटचंसुद्धा तोलूनच देते. अन् तराजूची दोरी तुटलीय. दोरी आण. मग देते पितळ."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली दोरी वळणाऱ्या येसूआजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, दोरी द्या. दोरी देईन मावशीला, मावशी देईल पितळ, पितळ देईन चाचांना, चाचा देतील कडं, कडं देईन काकांना, काका देतील आर, मग फिरेल माझा भोवरा गरगर गर!"

"दिली असती गं पोरी! पण माझ्या चाकाची खीळ मोडलीय. दौलूला म्हणावं, खीळ कातून दे. मग देतो दोरी."

अगं बाई! दौलूकाकांचा तर लेथच बंद! आता?

ठुमी मटकन खाली बसली. भोवऱ्याला मिठी मारली. हाताला लागली पिवळी दोरी. एकुलती एक दोरी! ती दिली, तर भोवरा फिरवायचा कसा? ठुमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण तिने दोरी सोडली. हळूऽऽ हळूऽऽ सोडली.

दोरी दिली मावशीला, मावशीने तोलून दिलं पितळ. पितळ दिलं चाचांना, चाचांनी दिलं कडं. कडं दिलं काकांना, कडं बसलं झक्क! खडखड गेली, डुगडुग गेली. लेथ लागला गायला, सुंऽऽ सुंऽऽ! आजोबांची खीळ झाली. ठुमीची आर झाली.

पण दोरी?

"आजोबा वळतील की उद्या," काका म्हणाले. "थांब जरा."

ठुमी कसली थांबतेय! तिने मागे बघितलं. शेपटी! लांबच लांब शेपटी! भोवऱ्याला गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे, आणि सट्ट!

भोवरा फिरला गरगर गर, गरगर गर!

शेपटी जरा झोंबली. पण ठुमीने कुणालाच सांगितलं नाही.

भोवरा दमला, आडवा झाला. गोष्टही आडवी झाली. चला, आता आपणही आडवे होऊ.