जत्रेत पेटलेली चुरमुऱ्यांची भट्टी

एका बाजारगावात एक चुरमुरेवाली राहायची. तिची भट्टी पेटली की पोरंच काय, म्हातारेकोतारेही तिथं घुटमळायचे.

एके वर्षी गावच्या पाटलांनी तिला जत्रेत देवळासमोरची जागा दिली. म्हणाले, "यंदा माल खपला तर जागा कायमची तुझी. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याला."

बाई हरखली आणि हरखण्याच्या भरात नको ते करून बसली. एवढ्या मानाच्या जागी काळी कढई आणि राख कशी शोभणार? तिनं भट्टी घरीच ठेवली, चुरमुरे रंगीत पिशव्यांत भरून तोंडं घट्ट बांधली आणि नवं लुगडं नेसून ऐटीत बसली.

दुपार टळली तरी एक पिशवी हलेना. लोक यायचे, पिशवी दाबून बघायचे, परत ठेवायचे. जागा हातची जाणार म्हणून बाईचा जीव टांगणीला लागला.

इतक्यात एक आजी आल्या. "कधीचे गं हे?"

"कालच भाजलेत, आजी."

"सगळे असंच सांगतात. भाजलेस कशात?"

बाई लाजली. "माझ्या जुन्या कढईत. घरी."

"मग ती लपवलीस कशाला? नातवंडांना न्यायचेत मला. बघू दे की डोळ्यांनी!"

बाईनं क्षणभर लुगड्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, घरून कढई आणा. रेती, तांदूळ आणि चाळणीपण आणा."

"अगं, नवं लुगडं खराब होईल!"

"होऊ दे!"

सामान येताच तिनं पदर खोचला, तीन दगड मांडून चूल पेटवली. तापल्या रेतीत मूठभर तांदूळ पडले आणि तडतड करत टपोरे फुलले. खमंग वास जत्राभर पसरला. चाळणीतून रेती गाळून बाईनं पहिली मूठ आजींच्या हातावर ठेवली.

"अस्से कुरकुरीत!" आजी खुदकन हसल्या.

मग काय विचारता! हा हात पुढं, तो हात पुढं. कालचे चुरमुरेही लोकांनी पिशव्यांची तोंडं सोडून चाखले आणि आनंदानं नेले. तिन्हीसांजेला पाटील स्वतः रांगेत उभे राहिले.

"जागा तुझी झाली. पण आधी मला शेरभर दे, आणि नाकावरची काजळी पूस."

"राहू दे, पाटील," बाई हसत म्हणाली, "गिऱ्हाईक तीच बघून येतंय."

तात्पर्य: रंगीत पिशवी पाहून माणूस थांबतो, पण खाण्याची वस्तू घरी नेतो ती करणाऱ्याचे हात पाहून आणि चव घेऊनच. म्हणून आपल्या कष्टांची लाज धरू नये.