त्र्यंबकअण्णांची दीडची मालिका

एका गावात एक सासरे आणि त्यांची सून एकाच छपराखाली राहत. दोघांना एकमेकांबद्दल माया होती, पण दोघेही इतके भिडस्त की ती बोलून दाखवणे कोणालाच जमत नसे.

सासऱ्यांचे नाव त्र्यंबकअण्णा. ते एसटी स्टँडवर नियंत्रक होते. तीस वर्षे त्यांनी ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारल्या. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती अर्धा तास उशिरा येणार, हे ते खणखणीत सांगत. घरी आले की मात्र ‘मीठ दे’ आणि ‘पुरे’ यापलीकडे त्यांच्या तोंडून फारसे काही निघत नसे. सून वृषाली सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसे. तिचेही तसेच. ‘या गोळ्या जेवणानंतर’ एवढे बोलण्यात तिचा दिवस जाई.

वृषालीला मुलगी झाली, तिचे नाव जुई. बाळंतपणाच्या रजेत वृषालीला दुपारी दीडची एक मालिका बघायची सवय लागली. रजा संपली आणि ती कामावर रुजू झाली. जुईला सांभाळायला निवृत्त झालेले अण्णा घरी होतेच. पण मालिका मात्र सुटली.

पहिल्या दिवशी ती पाच वाजता घरी आली. तिने चहा टाकला. अण्णा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत म्हणाले, “शाल्मलीला नोकरी लागली.”

“कोण शाल्मली, मामंजी?”

“तुझ्या मालिकेतली. सहज लागलं होतं, बघितलं.”

त्या दिवसापासून रोज पाच वाजता चहाबरोबर मालिका येऊ लागली. अण्णा सांगत आणि वृषाली ऐके. शाल्मलीचा नवरा निनाद वकील होता. तो अण्णांना पहिल्यापासून पसंत नव्हता. “शर्टाची दोन बटणं उघडी टाकून वकील कोर्टात जातो का?” ते विचारत. शाल्मलीची सासू राजलक्ष्मीबाई मात्र त्यांना आवडे. “वरून कडक आहे, पण मनानं लोणी,” असे ते सांगत. वृषाली प्रश्न विचारी, हसे, कधी वाद घाली. “असं कसं म्हणाली ती, मामंजी?” “म्हणाली म्हणजे म्हणाली! मी काय झोपलो होतो?” असे वर्षभर चालले. दोघांच्या एवढ्या गप्पा पूर्वी कधीच झाल्या नव्हत्या.

वृषालीचा नवरा सुहास विजेच्या मोटारी वाइंडिंग करण्याचे दुकान चालवी. यंत्र दिसले की त्याचे डोळे चमकत. एकदा तो म्हणाला, “अगं, किती दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार? मालिका घरच्या घरी रेकॉर्डच करू की.” तेव्हा मालिका फोनवर दिसत नसत, त्यामुळे वृषालीलाही ते बरे वाटले.

सुहासने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले. पहिल्या रकान्यात मित्राकडचा फुकट मिळणारा व्हीसीआर. तो त्याच दिवशी बाद झाला, कारण आत उंदराने संसार थाटला होता. दुसऱ्या रकान्यात रेकॉर्डिंगचा मोठा सेट-टॉप बॉक्स. त्यावर दोन वाहिन्या एकदम टिपता येत आणि चालू कार्यक्रम थांबवून चहा पिऊन येता येई. तिसऱ्या रकान्यात साधा छोटा बॉक्स. त्याच्या मागे पेनड्राइव्ह खुपसायचा, सकाळी वेळ लावून द्यायची, झाले. दुकानदार ओळखीचा होता. तो म्हणाला, “दोन्ही घेऊन जा. आठ दिवस वापरून बघ, मग काय ते ठरव.”

जेवताना हे सगळे ऐकून अण्णांनी विचारले, “का रे, मी काय बंद पडलोय का?”

सुहास हसला. वृषालीही हसली. अण्णा हसले नाहीत, हे मात्र तिच्या नजरेतून सुटले नाही.

सोमवारी सकाळी सुहासने छोट्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावला आणि दीडची वेळ भरली. अण्णांना त्याने सांगितले नाही. “आधी नीट टिपतोय का बघू,” तो म्हणाला.

संध्याकाळी अण्णांनी नेहमीप्रमाणे मालिका सांगितली. “आज फार छान झालं. शाल्मली बाहेर निघाली होती. राजलक्ष्मीबाईंनी दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ‘पोरी, उन्हाची जाऊ नकोस, ती छत्री घे.’ शाल्मलीला रडूच आलं. आणि त्या निनादला बदलीची ऑर्डर आली. कागद हातात घेऊन उभा होता, तोंड एवढंसं झालेलं. बदली म्हटलं की असंच होतं माणसाचं.”

मग अण्णा जुईला घेऊन मारुतीच्या देवळाकडे फिरायला गेले. सुहासने दार लावले आणि रेकॉर्डिंग सुरू केले.

पडद्यावर राजलक्ष्मीबाईंनी दाराकडे बोट दाखवले आणि त्या ओरडल्या, “चालती हो माझ्या घरातून!” शाल्मली रडली. दाराशी छत्री होती खरी, पण ती नुसती उभी होती. निनादच्या हातातला कागद घटस्फोटाचा होता.

सुहास हसता हसता खुर्चीवरून घसरला. “अगं, अण्णा फेकतायत! वर्षभर फेकतायत! वकिलाची कधी बदली होते का?”

वृषालीलाही हसू आले. पण मागोमाग तिला वाईटही वाटले. आपण वर्षभर इतके मन लावून ऐकले ते सगळे खोटेच होते? मामंजींनी आपली चेष्टा केली की काय?

मंगळवारचे आणि बुधवारचे रेकॉर्डिंगही तसेच निघाले. माणसे तीच, कपडे तेच, बोलणे मात्र भलतेच. सुहासने तर बेतच आखला. रविवारी त्याची ताई आणि भावोजी जेवायला येणार होते. “आधी अण्णांना सगळ्यांसमोर सांगायला लावायचं आणि मग हे लावायचं. बघ कशी मजा येते!”

“नको हो,” वृषाली म्हणाली. पण का नको, हे तिला नीट सांगता आले नाही.

गुरुवारी दवाखान्यात रंगकाम निघाले, म्हणून औषधांची खिडकी दुपारीच बंद झाली. वृषाली पावणेदोनला घरापाशी आली. दार नुसते लोटलेले होते. दीडची मालिका तर चालू असणार, पण घरातून चकार आवाज येत नव्हता. तिने खिडकीतून आत पाहिले.

टीव्ही चालू होता. आवाज पूर्ण बंद होता. टीव्हीपासून चार हातांवर पाळण्यात जुई झोपली होती. अण्णा पडद्याच्या अगदी जवळ स्टुलावर बसले होते. पाळण्याची दोरी त्यांनी पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि पाय संथपणे हलत होता. पडद्यावर राजलक्ष्मीबाई काहीतरी बोलत होत्या. अण्णा डोळे बारीक करून त्यांच्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांचे स्वतःचे ओठही हलत होते. एकदा त्यांनी मान हलवली, जणू ते वाक्य पसंत पडले नाही. मग पुन्हा ओठ हलवले. या वेळी जमले असावे, कारण ते स्वतःशीच हसले.

तेवढ्यात रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. जुई चुळबुळली. अण्णांनी खिडकीकडे असे डोळे वटारून पाहिले की वृषाली चटकन खाली वाकली.

तिला सगळे कळले. जुईची झोप फार सावध. झाकण पडले तरी ती दचकून उठे आणि मग आई येईपर्यंत रडे. वृषाली रोज विचारी, “त्रास दिला का हो हिनं?” आणि अण्णा रोज सांगत, “छे! झोपली होती.” नातीची झोप मोडू नये म्हणून अण्णा वर्षभर मुकी मालिका बघत होते. आणि सुनेला गोष्ट मिळावी म्हणून त्या मालिकेत स्वतः शब्द भरत होते. आवाज बंद ठेवतो असे त्यांनी सांगितले असते, तर वृषालीच म्हणाली असती, “मग राहू द्या, मामंजी.” आणि पाच वाजताचा चहा पुन्हा मुका झाला असता.

ती आत गेली नाही. अण्णांना ओशाळे वाटले असते. ती शाळेच्या कट्ट्यावर झाडाखाली जाऊन बसली आणि बरोबर पाच वाजता घरी आली. चहा टाकून म्हणाली, “काय झालं आज, मामंजी?”

आता सुहासला कसे थांबवायचे? सांगितले तर त्याला ही आणखी एक गंमत वाटेल, अशी तिला भीती होती. वृषालीला नवऱ्याशीही जोरात बोलता येत नसे. शुक्रवारी तिने सगळे धैर्य गोळा केले. “अहो, उद्या दीड वाजता दुकानातून घरी या. आत जाऊ नका. खिडकीतून बघा फक्त.”

“उद्या? उद्या गिऱ्हाइकांची रांग असते गं. बघू.”

“बघू नाही. या.”

सुहासने मान वर केली. बायकोने त्याला असे कधी सांगितले नव्हते.

शनिवारी रात्री तो घरी आला, जेवला आणि झोपला. दुपारी येऊन गेला की नाही, याविषयी एक शब्द बोलला नाही. वृषालीची विचारायची हिंमत झाली नाही.

रविवारी ताई आणि भावोजी आले. जेवणे झाली, चहा झाला. जुई अण्णांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढत होती. ताई म्हणाली, “सुहास, फोनवर म्हणालास गंमत दाखवतो. दाखव की.”

सुहासने रिमोट उचलला. वृषाली कपबशा गोळा करायचे सोडून त्याच्याकडे बघू लागली. सुहासने अण्णांकडे पाहिले आणि रिमोट टीव्हीवर ठेवून दिला.

“गंमत एवढीच, की रेकॉर्डर ठरला.”

“कुठला रे?” भावोजींनी विचारले.

“घरचा होता तोच. बाकीचे दोन्ही सकाळी दुकानदाराला देऊन आलो.”

“घरचा कुठला?”

“हे काय, मांडीवर नात घेऊन बसलेत ते.”

भावोजी हसले. “अण्णा? आणि ते नेमकं टिपतात का?”

“नाही. नेमकं अजिबात टिपत नाहीत,” सुहास म्हणाला. “पण त्यांना आवाज लागत नाही.”

ताईला काही समजले नाही. अण्णांना समजले. त्यांची जुईच्या पाठीवरून फिरणारी बोटे थांबली. त्यांनी मुलाकडे पाहिले, मग सुनेकडे. वृषाली खाली मान घालून उभी होती, पण तिचे डोळे भरून आले होते.

मग अण्णा घसा साफ करून हळूच म्हणाले, “सूनबाई, म्हणजे तुम्ही आवाजासकट बघितलंत.”

“हो, मामंजी.”

“मग एक खरं सांग. ती राजलक्ष्मीबाई स्वभावानं कशी आहे?”

वृषाली क्षणभर घुटमळली. “वाईट आहे, मामंजी. फार वाईट आहे.”

“अरेरे!” अण्णांना मनापासून वाईट वाटले. “चेहऱ्यावरून तर वाटत नाही गं.”

वृषालीला हसू आवरेना. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, “मामंजी, मला तुमचीच राजलक्ष्मीबाई हवी. उद्यापासून तिला आणखी थोडं बोलू द्या.”

तात्पर्य: आपल्या माणसाची चूक सापडली, तर ती चारचौघांत उघडी करण्याआधी, ती त्याच्या हातून का होते हे स्वतः जाऊन पाहावे. पुष्कळदा त्या चुकीमागे आपल्यावरची मायाच असते.