हातभर वेळूची चोरी

"माझा हातभर वेळू चोरीला गेला! हातभर! एका दिवसात!" राजा दुंदुभिसेन सिंहासनावरून ओरडला. "आणा त्या माळ्याला!"

रखमाजी माळ्याला धरून आणलं. त्याच्या मागोमाग त्याची मुलगी चिमा आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

झालं होतं असं. राजाच्या सज्जाला लागून एक वेळू वाढत होता आणि राजाला त्याचं भारी कौतुक. तो मोजायला तीन राजगणिती नेमलेले. तिघांचं मिळून वय सव्वादोनशे आणि तिघांत मिळून धड गुडघे दोन. त्यामुळे सज्जाचा जिना चढून ते यायचे फक्त अमावास्येला आणि पौर्णिमेला. अमावास्येला वेळू भरला तीन हात, पौर्णिमेला अठरा. वाढ पंधरा हात, दिवस पंधरा. म्हणजे रोज एक हात! एवढं सांगून तिघे घरी जाऊन झोपले आणि तेव्हापासून दवंडीवाला रोज सकाळी ओरडू लागला, "आज वेळू एक हात वाढला हो!" वेळूकडे मात्र दरबारातलं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

काल राजाने बघितलं. शेंडा होता त्या उंचीवर सज्जाच्या खांबाला शेला बांधला. आज सकाळी शेंडा शेल्यापाशीच! आणि खाली दवंडी चालूच, "एक हात वाढला हो!"

"शास्त्रीबुवा, हिशेब तर चुकला नाही ना?" राजाने विचारलं.

"आमचा?" थोरले गणिती त्र्यंबकशास्त्री फणफणले. "ही आमच्या आजोबांची रीत आहे! वेळू वाढलाच. माळ्याने कापून नेला!"

दरबारातल्या सगळ्या पिकल्या माना डोलल्या. मान हलवायला जिना चढावा लागत नाही.

"रखमाजी," राजा गरजला, "सूर्य मावळायच्या आत चोरलेला हातभर वेळू शेंड्याला परत जोड! तोही जिवंत! नाहीतर बायकापोरांसकट राज्याबाहेर चालता हो!"

रखमाजीने हात जोडले. "म्हाराज, जे वाढलंच न्हाई ते म्या आणू कुठनं?"

"बा, थांब जरा." चिमा पुढे झाली. "शास्त्रीबुवा, तुमची रीत सांगा की. मला येत नाही."

"तुला कशी येणार? आधीचं माप घ्यायचं, नंतरचं माप घ्यायचं, वजाबाकी करायची आणि मधे गेलेल्या वेळाने भागायचं."

"आणि मधे काय घडलं ते बघायचं नाही?"

"मधे बघत बसायला आम्ही काय राखणदार आहोत?"

"ही रीत फक्त वेळूला, का हलणाऱ्या-चालणाऱ्यालाही?"

"सगळ्यांना! हत्तीलासुद्धा!"

"बरं झालं, हत्तीचं तुम्हीच काढलंत!" चिमा राजाकडे वळली. "महाराज, आज सकाळी हत्तीवरून फिरायला गेला होतात ना?"

"गेलो होतो! नगारखान्याच्या दारातून निघालो, तळ्याला वळसा घातला, टेकडी चढलो, चार घटकांनी दारात परत! पाठीचा भुगा झालाय!"

"शास्त्रीबुवा, घ्या माप. निघताना महाराज दारापासून किती हात लांब होते?"

"दारातच होते. शून्य."

"परत आले तेव्हा?"

"शून्य... अगं, पण..."

"वजाबाकी?"

"शून्य."

"चार घटकांनी भागा!"

शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला. "शू... शून्य."

"ऐकलंत महाराज? घटकेला शून्य हात! आपण जागचे हललाच नाहीत!"

"काय?" राजा ताडकन उठला आणि कंबर धरून खाली बसला. "मग ती टेकडी? ते तळं? एवढी वाट गेली कुठे?"

"माझ्या बाने चोरली असेल!" चिमा म्हणाली. "वेळू चोरला, आता वाट चोरली. टेकडीसुद्धा घरात असेल आमच्या, चुलीमागे बघा!"

दरबारात कुणीतरी खुसकन हसलं. चिमाने ओच्यातून सुतळीचं भेंडोळं काढून भर दरबारात उलगडलं.

"मी रोज शिडीवर चढून गाठ मारते. ही बघा, पाऊस झाला त्या दिवशी तीन हात. इथे आभाळ होतं, दोन हात. या तीन गाठी एकमेकींना चिकटल्यात, कडक ऊन होतं, वेळू तसूभर हलला नाही. कालही तसंच ऊन होतं. पंधरा दिवसांचे पंधरा हात खरे, शास्त्रीबुवा! पण तो सगळ्या दिवसांचा मिळून हिशेब झाला. एकट्या कालच्या दिवसाला का धरता?"

राजाने एकेक गाठ चाचपली. मग शास्त्रीबुवांकडे बघितलं आणि असा खदखदून हसला की मुकुट घरंगळत त्यांच्याच दुखऱ्या गुडघ्यावर जाऊन आदळला!

रखमाजी त्याच हत्तीवर बसून घरी गेला. वेळूचं माप चिमाकडे आलं आणि शिडी धरायचं काम तिन्ही राजगणितींकडे, रोज सकाळी. दवंडीवाल्याला मात्र त्या दिवशी नवी दवंडी मिळाली. गावभर ओरडत फिरला, "महाराज आज खरंच हलले होते हो!"