आईसाठी एक शहर

“मग आईला नेमकं कोणतं शहर दाखवू, भंते?”

निशिकांत ठवरे यांनी हे विचारलं, तेव्हा भंते सोमरतन विहाराच्या ओसरीवर बसले होते. विझलेल्या पणत्यांमधल्या जळक्या वाती ते एकेक करून काढत होते.

विहार श्रीलंकेत, कँडीच्या पलीकडच्या डोंगरात आहे. भंते तरुणपणी नागपुरात शिकले. त्यांचं मराठी तिथलंच, वाक्याच्या शेवटी अजून ‘जी’ येतो. निशिकांतही नागपूरचे, हे कळल्यावर ड्रायव्हरनं मुद्दाम इथं गाडी थांबवली होती.

“एकच का जी?”

“तिची नजर जात चाललीय. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत काय दाखवायचं ते दाखवून घ्या. गुडघेही धड नाहीत. एका गावी मुक्काम, बस. निवडण्यात चूक झाली तर...”

भंतेंनी मान हलवली. “म्हणून तुम्ही आधी बघून ठेवायला आले.”

“हो ना. कँडी झालं, गॉल झालं, पोलोन्नरुवा झालं. अनुराधपूर काल झालं.” निशिकांत थोडे ताठ बसले. “इतक्या कमी दिवसांत आमच्या ऑफिसात कोणी केलं नसेल.”

“वा. आतली मूर्ती बघितली?”

“आत्ता करून टाकतो.”

ते आत गेले. मूर्तीपुढे उभे राहिले, वळले, फोन उंच धरला आणि हसले.

“अय्यो!” कमळं मांडत बसलेली बाई ओरडली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

भंते आत आले. त्यांनी निशिकांतना खांद्याला धरून मूर्तीकडे वळवलं.

“आमच्याकडे बुद्धाला पाठ दाखवून फोटो काढत नाहीत जी.”

“माफ करा, भंते.” निशिकांत ओशाळले. “पोलोन्नरुवालाही पहारेकऱ्यानं शिट्टी मारली होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला मारली.”

“बघू तिथले फोटो.”

दोघं ओसरीवर येऊन बसले. निशिकांत एकेक फोटो पुढे सरकवू लागले. पोलोन्नरुवात ते हसत होते. गॉलच्या किल्ल्यावर तेच हसू, गॉगल कपाळावर.

“या किल्ल्यावरून समुद्र कसा दिसतो?”

निशिकांतनी फोटो मोठा केला. समुद्र त्यांच्या कानामागे होता.

“निळा... असावा.”

“आणि कँडीच्या तळ्यावर काय बघितलं?”

“तळं.”

“बरं.”

भंतेंनी कँडीचा फोटो समोर घेतला. वातींची काजळी लागलेला अंगठा त्यांनी निशिकांतच्या चेहऱ्यावर आडवा धरला. चेहरा झाकला गेला. मग ते बराच वेळ बघत राहिले.

“छान गाव आहे,” ते म्हणाले. “कठड्यावर बघा, एक बाई मुलीची वेणी घालत आहे. मुलगी पळायला बघते, बाईनं रिबिन दातात धरली आहे.”

निशिकांत वाकले. अंगठ्याच्या बाजूनं त्यांनी डोकावून पाहिलं.

“खरंच की... मी तिथंच उभा होतो.”

“होते ना. मधोमध.”

निशिकांत हसले नाहीत. भंतेंनी अंगठा काढला आणि पुन्हा पणती हातात घेतली.

“आईला पाठवता हे फोटो?”

“रोज. ती फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघते.”

“काय म्हणते?”

निशिकांतनी फोन मांडीवर पालथा ठेवला. आत कमळं मांडणारी बाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत होती, त्याचा आवाज आला.

“म्हणते... तुझ्यामागे काय आहे रे बाळा? जरा बाजूला हो ना.”

भंते वात काढायचे थांबले.

“रोज म्हणते?”

“रोज.”

खाली रस्त्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अंधाराआधी घाट उतरायचा होता. निशिकांत उठले, फोन खिशात टाकला. पण पायऱ्यांपाशी जाऊन परत आले.

“भंते, तुम्ही शहराचं नाव सांगितलंच नाही. मी तिला आणू तरी कुठं?”

“कुठंही आणा जी,” भंते म्हणाले. “तिथलं शहर तीच तुम्हाला दाखवेल.”