कच्चा हात

फार पूर्वी डोंगरउतारावरच्या एका गावात एक बागवान राहत होता. त्याच्या अंगणात एक आंबा होता. तसा आंबा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. फळ कापलं की शेजारच्या घरापर्यंत वास जाई.

बागवान गावातल्या मुलांना कलमं बांधायला शिकवी, पण तोंडानेच. काडी कोणती निवडावी, तिरका काप कसा द्यावा, सालीला साल कशी जुळवावी, सगळं मुलं घडाघडा म्हणून दाखवत. चाकू मात्र त्याने कुणाच्या हाती दिला नाही.

त्याची मुलगी शेवंता त्याच मुलांत बसून शिकली. तिचं लग्न लांब माळावरच्या गावी ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आपल्या आंब्याचं एक कलम मी बांधते. सासरी दारात लावीन."

"तुझा हात कच्चा आहे, पोरी. काडी वाया जाईल. सवडीने मीच बांधून देईन."

ती सवड काही आली नाही. शेवंता दर उन्हाळ्यात यायची, मागायची आणि रिकाम्या हाताने परत जायची. सासरी दारात नुसतं ऊन. ती उंबऱ्यात बसून माहेरच्या सावलीची आठवण काढी.

एका वर्षी वादळात तो आंबा मुळासकट आडवा झाला. बागवान आता म्हातारा झाला होता, त्याला चाकू धरवत नव्हता. त्याने मुलांना बोलावलं, "काड्या सुकायच्या आत बांधा रे! जमतील तेवढी बांधा!"

पाठ तर सगळं होतं, पण हात अडखळले. काप वेडेवाकडे गेले. महिन्याभरात एकूणएक काडी काळी पडली.

शेवंता आली. पडलेल्या झाडाच्या खड्ड्यापाशी उभी राहिली.

"एक काडीच तर वाया गेली असती, बाबा," ती हळूच म्हणाली.

बागवानाने परसातल्या साध्या आंब्याची फांदी वाकवली आणि चाकू तिच्या हातात दिला. "बांध."

पहिली दोन कलमं मेली, तिसरं जगलं. ते घेऊन ती सासरी गेली. त्या दिवसापासून मुलंही रोज कापू लागली, चुकू लागली, पुन्हा बांधू लागली.

काही वर्षांनी शेवंताने आपल्या दारचे पहिले आंबे माहेरी आणले. बागवानाने एक फोड तोंडात ठेवली.

"गोड आहे," तो म्हणाला.

आणि त्या आंब्याची कोय हातात धरून बराच वेळ रिकाम्या अंगणाकडे बघत राहिला.

तात्पर्य: शिकणाऱ्या हाताला वेळेवर चुकू द्यावं, नाहीतर जे जपायचं, तेच हातचं जातं.