पाठीला माती

“मग निजतोस कसा?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं.

“खुर्चीत,” केरबा म्हणाला.

“रातभर?”

“रातभर. लईच अवघडलं तर कुशीवर.”

“आणि उताणा?”

केरबानं नजर दाराकडं वळवली.

वस्तादांनी पुन्हा विचारलं नाही. दुपारची वेळ होती. तालमीतली सकाळची पोरं जोर-बैठका मारून गेली होती आणि संध्याकाळची यायला अजून अवकाश होता. कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीला तेलाचा आणि ताकाचा आंबूस वास येत होता. भिंतीवरच्या मारुतीपुढं सकाळची उदबत्ती केव्हाच विझली होती.

केरबा चौगुले म्हणजे वारणाकाठचं एकेकाळचं मोठं नाव. शंभरावर कुस्त्या केल्या आणि पाठीला माती एकदाही लागू दिली नाही. हे त्याला कुणी विचारावं लागत नसे, तो आपणहून सांगे. लग्नाच्या पंगतीत सांगे, दाढी करताना न्हाव्याला सांगे. आता वय झालं होतं सहासष्ट, आणि गेली एकोणीस वर्षं कंबर त्याच्या मागं लागली होती.

महिना-दोन महिने बरे जायचे. मग एखाद्या सकाळी चपलेत पाय घालताना ती अशी काही धरायची, की हा गडी आठ-आठ दिवस उंबऱ्याबाहेर दिसत नसे.

तेल झालं, पट्टा झाला, सुया झाल्या. तालुक्याच्या डॉक्टरनं कमरेचे फोटो काढले, तेही तीनदा. इतके फोटो त्याच्या लग्नातसुद्धा निघाले नव्हते.

आज तो आला होता ते नाही म्हणायला.

वस्ताद चौऱ्याऐंशीचे. येत्या नागपंचमीला तालीम केरबाच्या हवाली करणार, असं त्यांनी गावाला सांगून टाकलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच. केरबा नाही म्हणाला तर तालमीला कुलूप लागणार, हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

“मला जमायचं न्हाई, वस्ताद. ज्याची स्वतःची कंबर धड न्हाई, त्यो पोरांस्नी काय शिकवणार?”

“दुखतंय म्हणून न्हाई म्हणतोस?”

“हरतोय म्हणून. एकोणीस वर्षं झुंजतोय तिच्यासंगं. तिला चीत करायचा एक डाव सांगा. मग तालीम काय, म्हणाल ते करतो.”

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

“गेल्या खेपेला कधी धरली?”

“महिना झाला.”

“आदल्या दिवशी काय केलं होतंस?”

“...हौदा खणला.”

“सगळा?”

“सगळा. एकट्यानं. कंबर अशी मोकळी वाटत होती, म्हटलं राहिलेलं एका दमात उरकून घ्यावं. पोरांस्नी कुदळीला हात लावू दिला न्हाई.”

“आणि मग?”

“मग अकरा दिवस खुर्ची.”

वस्तादांनी बोटानं हौद्याचा एक कोपरा दाखवला. एखादं घोंगडं अंथरावं एवढाच तुकडा तिथं भुसभुशीत झाला होता.

“आज सकाळी मी तेवढा खणला.”

“दमला असशीला.”

“न्हाई रं. आज अंग हलकं होतं.”

“मग थांबलासा कशाला?”

“अंग हलकं होतं म्हणूनच थांबलो.”

केरबाला यातलं काही उमगलं नाही. म्हातारा थकला, असं त्याला मनातून वाटलं आणि वाईटही वाटलं. ज्या माणसानं आपल्याला पाचशे जोर झाल्यावर “आता मोजायला सुरुवात कर” म्हणून सांगितलं होतं, तो आता घोंगड्याएवढ्या मातीवर थांबत होता.

केरबा उठला. जाण्याआधी रीतीप्रमाणे वस्तादांच्या पायांना हात लावायला तो वाकला...

आणि कमरेनं धरलं.

चमक निघाली ती थेट पोटरीपर्यंत गेली. त्याला खाली जाता येईना, वर येता येईना. एक हात खांबाला लागला म्हणून पडला नाही इतकंच. कपाळावर घाम आला. श्वास घेतला तरी कळ येत होती.

“खुर्ची... खुर्ची द्या, वस्ताद.”

“तालमीत खुर्ची कुठली?”

“मग काय करू?”

“आडवा हो. हौद्यात. उताणा.”

“न्हाई.”

“डॉक्टर काय म्हणाला होता?”

केरबानं दात आवळले.

“केरबा, डॉक्टर काय म्हणाला?”

“त्योच म्हणाला... उताणं पडा. पाय खुर्चीवर ठेवा. घटकाभर. मग उठून थोडं चाला.”

“केलंस?”

“न्हाई.”

“का?”

“तुमी सांगितलंसा म्हणून!”

“मी?”

“पहिल्या दिवशी. मी चौदा वर्षांचा. तुमी माझ्या कपाळाला ही माती लावली आणि म्हणालासा, पोरा, पाठीला माती लागू द्यायची न्हाई. तवापासनं उताणा पडलो न्हाई, वस्ताद. मातीत न्हाई... अंथरुणात बी न्हाई.”

हसण्यासारखं होतं खरं. बावन्न वर्षं हा गडी आपल्याच गादीवर चितपट व्हायला भीत होता, आणि त्याच्या बायकोला, हौसाबाईला, वाटत राहिलं होतं की उताणं झोपलं की घोरणं वाढतं म्हणून हा कुशीवर झोपतो. पण वस्ताद हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

“मी कुस्तीचं बोललो होतो रं.”

“मला काय ठावं? तुमचा शब्द. मी धरून बसलो.”



मग वस्तादांनी सदरा काढला आणि खुंटीला लावला. हौद्याच्या काठाला हात टेकून एक गुडघा मातीत ठेवला, मग दुसरा. मग हात, मग कूस. सगळं सावकाश, एकामागून एक. शेवटी त्यांनी अंग वळवलं आणि पाठ सोडून दिली.

चौऱ्याऐंशी वर्षांची ती उघडी पाठ मातीला टेकली. पोटऱ्या त्यांनी हौद्याच्या काठावर ठेवल्या आणि डोळे मिटले.

ज्या माणसाला उभ्या पंचक्रोशीत कुणी खाली घेऊ शकलं नव्हतं, तो कुणी हात न लावता खाली पडला होता. आपल्याला बघवत नाही, एवढंच केरबाला कळत होतं. मान वळवता येत असती तर त्यानं वळवली असती.

“दार लावा, वस्ताद. कुणी बघंल.”

“इतकी वर्षं लावूनच पडत आलोय.”

“...म्हंजे?”

“रोज दुपारी. पोरं गेली की कडी घालायची आणि इथं पडायचं. तुला काय वाटलं, कंबर एकट्या तुलाच हाय?”

केरबानं खांबाला खांदा टेकवला.

“आज राहू दे उघडं,” वस्ताद म्हणाले. “ये.”

“उठा, वस्ताद. तुमाला हात जोडतो.”

“एका हातानं खांब धरलायस. जोडशील कसा? ये.”

केरबाला राग आला. आधी म्हाताऱ्याचा आला, मग स्वतःचा, मग त्या चौदा वर्षांच्या पोराचा, ज्यानं एक वाक्य ऐकलं आणि त्याची जन्मठेप करून घेतली. रागाच्या भरातच त्यानं खांब सोडला.

“हळू,” वस्ताद डोळे न उघडता म्हणाले. “आधी गुडघा.”

गुडघा.

“आता हात. घाई न्हाई. तिकडं कोण शिट्टी मारत न्हाई.”

हात.

“कुशीवर ये. थांब. श्वास घे. अजून एक. आता वळ.”

इथं केरबा अडला. कंबर अडवत नव्हती, तो स्वतःच अडला होता. बोटं मातीत रुतवून तो कुशीवर तसाच राहिला. शंभर जोड समोर आले होते आणि शंभरांतल्या एकालाही हे जमलं नव्हतं. आता कुणी जोर लावत नव्हतं. वळायचं ते आपणहून.

तो वळला.

घामानं भिजलेल्या सदऱ्यातून माती गार लागली. पाय काठावर चढवताना एक कळ येऊन गेली. मग कमरेखालचं सगळं हळूहळू सैल पडत गेलं. दुखणं गेलं नाही. शंभरातलं वीस-पंचवीस कमी झालं असेल. पण एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते धरून ठेवायचं काम केरबावर नव्हतं, आणि तो रडला. लहान पोरासारखा, आवाज करून रडला.

वस्तादांनी रडू दिलं.

“हरलो का मी, वस्ताद?”

“कुणासंगं?”



बाहेरून कुणाची तरी सायकल गेली. दारापाशी ती जराशी थांबली आणि पुढं गेली. केरबाच्या लक्षात आलं, पण तो उठला नाही.

“पुन्ना यील का ही?”

“यील. माझी येते. पावसाळ्यात दोनदा, थंडीत एकदा. मधीच कधी न सांगता.”

“मग?”

“मग असं पडायचं. घटकाभर. कुशीवर वळायचं, हात टेकायचा, उठायचं. हौद्याभोवती एक फेरी मारायची. दुसऱ्या दिवशी दोन.”

“आणि बरं वाटलं की?”

“बरं वाटलं की सांभाळायचं. वाईट दिवशी काय, कंबरच सांभाळती आपल्याला. हलू देत न्हाई.”

केरबा ओल्या गालांनी हसला. हसल्यानं कंबर दुखली, तरी हसला.

दोन म्हातारे लाल मातीत शेजारी-शेजारी पडून होते, पोटऱ्या काठावर, हात पोटावर. बावन्न वर्षं केरबा या तालमीत येत होता. इथला प्रत्येक दगड, प्रत्येक खुंटी त्याच्या ओळखीची होती. पण इथून वर त्यानं कधी बघितलं नव्हतं. वाशांवर धूर बसून ते काळे झाले होते. आढ्याला चिमण्यांनी काडी-काडी करून घर बांधलं होतं, आणि त्यातली एक वाकून या दोघांकडे बघत होती.

त्याची नजर सरकत पलीकडं गेली आणि थांबली.

“वस्ताद...”

“हं.”

“त्या तिसऱ्या वाशापाशी कौल सरकलंय. आभाळ दिसतंय तितनं. आता पाऊस तोंडावर आलाय, सगळी माती भिजल की.”

वस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“दोन पावसाळे झाले त्याला,” ते म्हणाले. “म्हटलं, पुढच्या वस्तादाला दिसलं की त्यो बसवून घील.”